गाडीभर सरपणात कुठलं लाकूड आलंय, हे कसं ओळखावं

वखारीतून ‘मिक्स जंगली’ घेतलं की त्यात काय काय आलंय, हे वखारवाल्यालाही धड सांगता येत नाही. नाव शोधण्याआधी न जाळायचं बाजूला काढा. साल उचकटल्या जागी काळा, चिकट डाग दिसला तर बिब्बा समजा. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, धूरही बाधतो. बागेची छाटणी मिसळली असेल तर कण्हेरीच्या काटक्याही वेचून काढा.

मग साल बघा. मगरीच्या पाठीसारखे चौकोनी खवले म्हणजे ऐन. काळपट, उभ्या खोल भेगा आणि एखादा डिंकाचा खडा म्हणजे बाभूळ. पांढुरकी, गुळगुळीत साल धावड्याची. निलगिरीच्या सालीच्या लांब पट्ट्या सुटतात, आणि ती वासावरूनही कळते.

साल गळून गेली असेल तर खरी पंचाईत. उन्हापावसात पडलेलं सगळंच लाकूड करडं दिसतं. कोयत्याने टोकाची ताजी ढलपी काढा, थुंकीने ओला केलेला अंगठा त्यावर फिरवा. रंग उठून येतो. बाभळीची कड पिवळट, गाभा गुलाबी ते विटकरी. बाभूळ म्हणून आणलेला एक ओंडका मी फोडला, तर आत गडद लाल आणि भेगांमध्ये पांढरी भुकटी: खैर निघाला! खैर, साग, ऐन तोडायला १९६४च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा असं लाकूड दिसलं की पावती मागायला लाजू नका. साग सोनेरी-तपकिरी, हाताला तेलकट, नव्या चामड्यासारख्या वासाचा. आंबा फिकट, भुरकट, त्यात खास काही नाही.

वजनावर भरवसा लाकूड वाळल्यावरच. ओला आंबाही सुक्या बाभळीला भारी पडतो. दोन फोडी एकमेकींवर आपटा: खणखणीत वाजलं तर सुकं, ढप्प वाजलं तर ओलं. खानदेशातलं सरपण असेल तर सुका तुकडा बादलीत टाका. तळाला बसला तर बहुतेक अंजन. सावर-पांगारा मात्र हातात घेताच कळतात, इतके हलके.

तरीही अडलं तर अंगणात एक ढलपी पेटवा. बाभूळ-धावड्याचा निखारा बराच वेळ टिकतो, सावर भुर्रकन राख होते. ओळख पटली की ओंडक्याच्या तोंडावर खडूने नाव लिहा. पुढच्या फोडीशी ताडून बघायला तेच कामी येतं.