आपोआप तोडणाऱ्या सुरक्षेला लगाम कसा घालायचा

नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्याचं नेटवर्क मी सांभाळायचो. मे महिन्यातल्या एका रात्री अडीचच्या सुमारास तिथला बॅकअप सुरू झाला. बॅकअप म्हणजे हजारो फायली भराभर वाचायच्या, एन्क्रिप्ट करायच्या म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा करायच्या, नव्या नावानं ठेवायच्या. फायली अशाच कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअरही जवळपास हेच करतं. आमच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला दोन्हीतला फरक कळला नाही आणि त्यानं लॅबचा सर्व्हर नेटवर्कमधून तोडला. लॅबमधल्या ताईंचा फोन आला, "सर, मशीनवर रिझल्ट दिसून राहिला, पण वर आयसीयूत जात नाही. लवकर या न."

मनीषनगरहून मी पोहोचलो तेव्हा ताई चिठ्ठी घेऊन जिना चढत होत्या. निळ्या पेननं रुग्णाचा नंबर, त्याखाली पोटॅशियम 6.1, शेजारी वेळ. आकडा चुकू नये म्हणून दोन वेळा ताडून पाहिलेला. सर्व्हर तोडायची परवानगी त्या सॉफ्टवेअरला मीच दिली होती, कोणाला न विचारता.

म्हणून सुरुवात विचारण्यापासून करा. वही घेऊन लॅब, औषधाचं दुकान, बिलिंग काउंटर असं फिरा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: हा कॉम्प्युटर रात्री दोनला बंद पडला तर कोणाचं काय अडेल? आयटीच्या खोलीत बसून याचं उत्तर मिळत नाही. ज्यांच्यावाचून जीव अडेल ती यंत्रं वेगळी काढा. त्यांना सरसकट सूट मात्र देऊ नका, हल्लेखोर घुसला तर तीच सुटलेली यंत्रं त्याला सोयीची पडतात. तिथली कारवाई लहान करा. फक्त संशयित प्रोग्राम थांबवायचा, बाहेरचं इंटरनेट तोडायचं, आतलं लॅब ते आयसीयू चालू ठेवायचं आणि त्याच क्षणी माणसाचा फोन वाजला पाहिजे. ईमेल रात्री कोणी पाहत नाही.

कोणताही नवा रूल आधी नुसता अलर्टवर ठेवा, म्हणजे त्यानं फक्त इशारा द्यायचा, तोडायचं काही नाही. निदान महिनाभर, कारण महिनाअखेरचं बिलिंग आणि मोठा बॅकअप त्यातच येतो. रोज सकाळी बघायचं: काल परवानगी असती तर यानं काय काय तोडलं असतं?

प्रत्येक ब्लॉकला मुदत हवी. लॉगिनला पुन्हा पुन्हा चुकणारा पत्ता अडवणाऱ्या फेल-टू-बॅन या प्रोग्राममध्ये मुळात 10 मिनिटांत 5 चुका झाल्या की 10 मिनिटांचा ब्लॉक असतो. लोक चिडून मुदतीच्या जागी उणे एक टाकतात, म्हणजे कायमचा ब्लॉक. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, कितीतरी ग्राहक ठेवतात. एकाला अडवायला गेलात तर घरून रिपोर्ट बघणारे बाकीचेही अडतात. स्वतःच्या ऑफिसचा पत्ता इग्नोर-आयपीत, म्हणजे कधीच न अडवायच्या पत्त्यांच्या यादीत, टाकायला विसरू नका. यूडीपी या पद्धतीनं पाठवलेल्या डेटाच्या पाकिटावर (पॅकेटवर) पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, त्यामुळे हल्लेखोर तुमच्याच डीएनएस सर्व्हरचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता लिहून तुमच्या हातून तो बंद करवू शकतो. चुकीचे पासवर्ड टाकत राहून डॉक्टरांची खाती लॉक करणंही तसंच. सुरक्षेचा नियमच हत्यार होतो.

मुदतीइतकीच मर्यादा महत्त्वाची. तासात तीनपेक्षा जास्त यंत्रं तोडायची वेळ आली तर सिस्टमनं थांबून माणसाला विचारावं, असं मी ठेवतो. खरा हल्ला असेल तर या थांबण्यात काही मिनिटं जातात, हे मान्य. म्हणून त्या वेळी निर्णय घेणाऱ्याचं नाव आधी ठरलेलं असावं. पण मर्यादा नसली तर काय होतं ते 21 एप्रिल 2010 ला दिसलं. मॅकअफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक 3 मधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजचीच फाइल व्हायरस समजून बाजूला काढली. जगभरचे कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले, नेटवर्कही गेलं.

परतीची वाट त्याच नेटवर्कवर अवलंबून नको. सर्व्हरला थेट जोडता येईल असा कीबोर्ड आणि मॉनिटर ठेवा. तोडलेलं यंत्र परत कसं जोडायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावा. लिनक्सवर दुरून फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवर काय आत-बाहेर जाऊ द्यायचं याचे नियम, बदलताना आयपीटेबल्स-अप्लाय ही कमांड वापरा. तुम्ही ठरलेल्या वेळेत "हो" म्हटलं नाही तर ते जुने नियम परत आणतं. कारण काय, कोणत्या रूलनं तोडलं, हे लॉगमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, साध्या भाषेत यावं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक सायबर घटना 6 तासांत कळवायच्या असतात, तेवढ्यात खरं-खोटं ठरवायला हाच लॉग कामी येतो.

मग रविवारी, ओपीडी बंद असताना, लॅबला आधी सांगून चाचणीचं एक यंत्र खरंच तोडा आणि घड्याळ लावा. आम्हाला पहिल्या वेळी 40 मिनिटं लागली, त्यातली 25 सर्व्हर-रूमची किल्ली शोधण्यात. आता दुसरी किल्ली रात्रपाळीच्या वॉचमन काकांकडे असते आणि भिंतीवरच्या कागदावर त्यांचा नंबर सगळ्यात वर आहे.