उपासना थांबलेले मध्ययुगीन चर्च कसे पाहावे

इंग्लंडमधील एखादे लहान मध्ययुगीन चर्च नीट समजून घ्यायचे असेल, तर लगेच आत न शिरता आधी त्याभोवती सावकाश एक फेरी मारावी. भिंतीतील दगडांची ठेवण जिथे एकाएकी बदलते, तिथे दोन काळांतील बांधकामे जोडलेली असण्याची शक्यता असते. मनोऱ्याच्या भिंतीवर छपराची तिरकी खूण उमटलेली दिसली, तर जुने छप्पर आजच्यापेक्षा अधिक उंच व उतरते होते, असे समजावे.

खिडक्यांवरून काळ ओळखता येतो. अर्धगोल कमान साधारणपणे बाराव्या शतकातील नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या राज्यकर्त्यांच्या काळातील बांधणीची. अरुंद, टोकदार खिडकी तेराव्या शतकातील. आणि उभ्या दगडी पट्ट्यांनी विभागलेली रुंद खिडकी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची. मात्र जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवण्याची प्रथा सर्रास असल्यामुळे केवळ खिडकीवरून भिंतीचे वय ठरवू नये.

आत गेल्यावर वेदीजवळ, दक्षिणेकडील भिंतीत, तळाशी निचऱ्याचे छिद्र असलेला छोटा कोनाडा शोधावा. पूजेची पात्रे धुतलेले पाणी त्यातून जमिनीत सोडले जाई. वेदीकडील कमानीलगत उंचावर कुठेही न जाणारे एखादे दार दिसले, तर तिथे क्रुसाच्या मूर्तीचा सज्जा होता, असे बहुधा म्हणता येते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या चळवळीत, असे सज्जे पाडले गेले आणि भित्तिचित्रांवर चुना फासला गेला.

विल्टशरमधील इंगल्शमचे चर्च या दृष्टीने अवश्य पाहावे. एकोणिसाव्या शतकात असंख्य चर्चचा गिलावा खरवडून जीर्णोद्धार झाला. परंतु जवळच केल्म्स्कॉटला राहणारे आणि अशा खरवडण्याविरुद्ध 1877 मध्ये संस्था स्थापन करणारे कलाकार व लेखक विल्यम मॉरिस यांच्या आग्रहामुळे इथले लाकडी कठड्यांचे बंदिस्त बाक व एकावर एक रंगवलेल्या चित्रांचे थर वाचले. मला अशी न सजवलेली चर्चच सर्वांत बोलकी वाटतात.

नियमित उपासना थांबलेल्या अशा वास्तूंसाठी 1969 मध्ये निधी स्थापन झाला. आज चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या नावाने तो साडेतीनशेहून अधिक चर्च सांभाळतो. यांतील बहुतेक वास्तू अजूनही पवित्र मानल्या जातात, त्यामुळे तिथे तसेच वागावे. बॅटरीचा प्रकाश भिंतीला समांतर धरला की छिन्नीच्या खुणा उठून दिसतात; सुटत चाललेल्या गिलाव्याला मात्र हात लावू नये.