मॉन्स्टेराची पाने पिवळी पडत असतील, तर या चुका टाळा

मॉन्स्टेरा या मोठ्या, छिद्रे असलेल्या पानांच्या शोभेच्या वेलाची पाने पिवळी किंवा मलूल दिसली की बहुतेकांचा हात लगेच पाण्याकडे जातो, आणि घरात वाढवलेली बरीच झाडे याच सवयीमुळे दगावतात. माती ओली असूनही पाने झुकलेली असतील, तर पाणी कमी पडलेले नसून जास्त झालेले असण्याचीच शक्यता मोठी असते. सतत ओल्या राहिलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग भरपूर पाणी असूनही ते पानांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वार ठरवून पाणी न घालता बोट मातीत खुपसून पाहावे, वरचा सुमारे 5 सेंटिमीटरचा थर कोरडा लागला तरच तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीत उतरलेले पाणी ओतून टाकावे.

शंका असल्यास झाड कुंडीतून अलगद काढून मुळे तपासावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी व लिबलिबीत होते, त्याला कुबट वास येतो आणि चिमटीत धरून ओढताच वरचे साल निघून आतला धागा तेवढा हातात राहतो. अशी मुळे स्वच्छ कात्रीने निरोगी भागापर्यंत कापून झाड कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि झाडाच्या सालीचे तुकडे यांच्या भुसभुशीत मिश्रणात लावावे. या वेळी मोठी कुंडी घेण्याचा मोह आवरावा, कारण मुळे पोहोचत नाहीत ती माती दीर्घकाळ ओलीच राहते. नवे पान फुटेपर्यंत खत देऊ नये.

दुसरी चूक प्रकाशाची. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांत मोठ्या झाडांवर चढणारा हा वेल सावलीत तग धरतो, पण तग धरणे म्हणजे वाढणे नव्हे. अंधाऱ्या कोपऱ्यात त्याचे देठ लांबट होतात, नवी पाने लहान आणि छिद्रांविना येतात, शिवाय पाण्याची गरज घटल्याने मुळे कुजण्याचा धोकाही वाढतो. दुपारचे थेट ऊन लागणार नाही अशी खिडकीजवळची जागा उत्तम. मात्र कोवळ्या रोपाची पाने मुळातच अखंड असतात, त्यांची काळजी नको.

खोडाला फुटणारी हवाई मुळे विद्रूप वाटतात म्हणून कापू नयेत. ती आधार धरण्यासाठीच असतात, तेव्हा त्या बाजूला मॉस पोल, म्हणजे शेवाळ गुंडाळलेला खांब, उभा करावा. सकाळी पानांच्या टोकांवर दिसणारे थेंब हा रोग नव्हे. पानांवर रुपेरी चट्टे आणि काळे ठिपके दिसल्यास मात्र ते फुलकिडे (थ्रिप्स, रस शोषणारे बारीक किडे) समजावेत, झाड इतर कुंड्यांपासून दूर न्यावे आणि पाने दोन्ही बाजूंनी ओल्या कापडाने पुसून घ्यावीत.

या झाडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते चावल्यास तोंडाची तीव्र आग होते, म्हणून छाटलेली पाने व देठ लहान मुले किंवा पाळीव प्राण्यांच्या वाटेत ठेवू नयेत.