जवान ड्युटीवर, घर गावात: मंडळाने नेमकं काय करावं

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात इथले 46 जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. एवढं नाव नसलं तरी आपल्या भागात गल्लीआड एखादा पोरगा फौजेत असतोच. मंडळाला त्याची आठवण होते ती 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला, नाहीतर तो रिटायर होऊन आला की. मग उघडी जीप, डीजे, गुलाल. मधल्या पंधरा-सतरा वर्षांत त्याचं घर कसं चाललं, हे कोणी विचारत नाही. मंडळाचं खरं काम त्या मधल्या वर्षांतलं आहे.

आधी यादी, तीही वहीत

गावातले सेवेत असलेले सगळे लिहून काढा आणि कोण कुठल्या दलात आहे ते नीट विचारा. आपण सरसकट 'मिलिटरीत आहे' म्हणतो, पण बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या कुटुंबांसाठी असतं. सीआरपीएफवाल्याच्या घरच्यांना तिथे नेलंत तर हेलपाटा होतो. त्यांची दाद त्यांच्याच दलाच्या कल्याण शाखेकडे लागते.

प्रत्येक घरात एका कागदावर जवानाचा आर्मी नंबर, रँक, युनिटचं नाव आणि युनिटचा फोन लिहिलेला असावा. रात्री-अपरात्री निरोप द्यायची वेळ आली की हाच कागद कामाला येतो. तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर युनिट आणि पोस्टिंगचं ठिकाण छापणंही बंद करा. कौतुकापायी आपणच ती माहिती चौकात टांगतो.

संपर्काला बाईमाणूस हवं

ही गोष्ट मंडळाच्या बैठकीत कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. नवरा बाहेर असलेल्या घरी मंडळाची चार पोरं सारखी जायला लागली की गाव बोलतं, आणि त्रास त्या बाईला होतो. मग ती मदत मागायचीच बंद होते. म्हणून बचत गटातली किंवा महिला मंडळातली एखादी वहिनी, काकू संपर्कासाठी ठरवा. तिने आठवड्यातून एकदा डोकवायचं, काय अडलंय ते विचारायचं आणि मंडळाला सांगायचं. पोरांनी ते काम बाहेरच्या बाहेर करून टाकायचं.

मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवर आलेल्या जवानांना तातडीने परत बोलावलं होतं. अशा दिवसांत घरात टीव्ही अखंड चालू असतो आणि फोन लागत नसतो. तेव्हा त्या काकूंनी जाऊन नुसतं बसलं तरी पुष्कळ. आणि 'काय बातमी?' हा प्रश्न तेवढा टाळावा. झोप उडाली असेल, जीव घाबरा होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर द्या. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष 2023 पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

कामं कसली?

ऊस घ्या. तोड यायची वेळ झाली की चिटबॉयच्या (कारखान्याच्या शेतावरच्या माणसाच्या) मागे लागावं लागतं, तोडणी टोळीशी बोलावं लागतं, ट्रॅक्टर फडात अडकला तर रात्री धावावं लागतं. पुरुष घरात नसला की त्या शेताचा नंबर हटकून मागे पडतो. मंडळातल्या दोघांनी कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन 'हा फौजीचा प्लॉट, याचं आम्ही बघतोय' एवढं सांगितलं की बराच फरक पडतो.

दुसरं दुखणं ओटीपीचं. सातबारा त्याच्या नावावर, बँक खातं त्याचं, गॅसचं कनेक्शन त्याचं, आणि मोबाईल नंबरही त्याचाच, जो वर बर्फात रेंजबाहेर आहे. ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते. उपाय एकच: तो रजेवर असतानाच जिथे जिथे चालतं तिथे बायकोचा नंबर नोंदवून घ्या आणि खातं जॉइंट करा. पीक पाहणीला खातेदाराचाच फोन लागतो असं नाही. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते.

दवाखान्याचंही आधी ठरवून ठेवा. सेवेतल्या जवानाच्या आई-वडिलांना, बायको-मुलांना मिलिटरी हॉस्पिटलात उपचार मिळतात, पण ते आपल्या दारात नसतं. बाळंतपणाचे दिवस भरत आले की कोणाची गाडी, कोण ड्रायव्हर, हे नावानिशी लिहून ठेवा.

कागदं

लग्न आणि मुलांचा जन्म यांची नोंद युनिटमधून पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या दप्तरी नोंद करणारा आदेश) निघून व्हावी लागते. ती राहिली की दवाखान्याच्या कार्डापासून पेन्शनपर्यंत सगळीकडे अडतं. आपल्याकडे तर लग्नात बायकोचं नावच बदलतात: दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, फौजेच्या कागदावर तिसरं. गावात एखादे रिटायर सुभेदार असतातच. त्यांना एक रविवार बसवा आणि प्रत्येक घरचे कागद जुळवून बघा.

बांधाची भांडणं तर आहेतच. जवान विशेष परिस्थितीत सेवेवर असेल तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी किंवा महसुली दावा तहकूब ठेवण्याची तरतूद 1925 च्या केंद्रीय कायद्यात आहे. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र लागतं. जुलै 2025 मध्ये नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदत मिळावी, असा तिचा हेतू आहे. तलाठ्याशी वाद घालत बसण्यापेक्षा आधी तिथे चौकशी करा.

पार्सल

अनोळखी हजार जवानांना राख्या पाठवून फोटो काढण्यापेक्षा आपल्या गावच्या सहा जणांना फराळ पाठवा. पत्ता नंबर, रँक, नाव, युनिट आणि 'द्वारा 56 एपीओ' किंवा '99 एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असाच लिहायचा. पिन 9 ने सुरू होतो. खासगी कुरिअर तिथे पोचत नाही, टपालच हवं. शंकरपाळी, चकली, भडंग टिकतं. ओल्या नारळाच्या करंज्या नकोत. लायटर, स्प्रे, पॉवर बँक तर मुळीच नको. दिवाळीचं पार्सल दसऱ्यालाच टाका.

पैसे

जवानांच्या नावाने पावतीपुस्तक छापू नका. वर्गणीसाठीसुद्धा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41-क खाली परवानगी लागते. द्यायचंच असेल तर ध्वजदिन निधीला सैनिक कल्याण कार्यालयातून द्या. 7 डिसेंबर हा ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो.

रजेवर आला की

पहिले तीन-चार दिवस त्याला घरच्यांकडे राहू द्या. सत्काराला तारीख घेण्याआधी त्याच्या बायकोला विचारा. बऱ्याचदा त्याच दिवशी त्यांचं बँकेत, नाहीतर पोराच्या शाळेत जायचं ठरलेलं असतं. आणि फारच उत्साह असेल तर तो परत निघेल त्या पहाटे त्याला स्टेशनवर सोडायची गाडी मंडळाने काढावी. येताना घरच्यांना सोबत घेऊन यावं.