डोंगरात पाय मोडलेल्या माणसाला खाली कसं आणायचं

रामटेक-मनसरच्या टेकड्या नागपूरपासून तासाभराच्या, म्हणून पोरं एक बाटली पाणी घेऊन चढतात. मुरमावरून पाय घसरतो, हाड मोडतं आणि घाबरलेले दोस्त त्याला पाठुंगळी घेऊन उतरायला लागतात. आमची स्वयंसेवकांची टीम फोनवर पहिलं हेच सांगते: थांबा, उचलू नका. हाडाची मोडलेली टोकं हलली की आतल्या रक्तवाहिन्या आणि नसांना इजा होते. वाहून नेणारा घसरला तर जखमी दोन.

112 लावा, ॲम्ब्युलन्ससाठी 108. "रामटेकच्या डोंगरात आहोत" एवढ्यावर कोणी सापडत नाही; फोनच्या नकाशातून अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवा. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून बघा. जास्त जण असाल तर दोघांनी खालच्या गावात जावं. गुराखी किंवा वनरक्षक भेटला तर त्याच्याइतकी जवळची पायवाट आम्हालाही माहीत नसते. जखमीला मात्र एकटं सोडायचं नाही.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणाला, हातपाय बधिर झाले, तर आहे तसाच राहू द्या आणि एकानं त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं.

पाय सरळ करायला ओढू नका, आहे त्याच स्थितीत बांधा. दोन्ही बाजूंना बांबूच्या कमच्या किंवा काठ्या, आत दुपट्ट्याची जाड घडी. नडगी मोडली असेल तर गुडघा आणि घोटा, दोन्ही बांधणीत आले पाहिजेत. पायाची बोटं उघडी ठेवा. अंगठ्याचं नख दाबून सोडा: पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. झालं नाही, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या, तर गाठी सैल करा. हे दर पंधरा मिनिटांनी बघत राहा, कारण सूज वाढते आणि मघाची बरोबर असलेली गाठ आवळते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि खडक भाजून काढतो. अंगाखाली सतरंजी, सॅक, जे असेल ते सरकवा, वर दुपट्टा ताणून सावली करा.

स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात, आणि बदलीला तेवढेच हवेत. उतरताना जखमीचे पाय पुढे, डोकं चढाकडे. हुकूम एकाचाच, तो डोक्याशी असतो. त्याची नजर वाटेवर कमी, जखमीच्या चेहऱ्यावर जास्त. "दादा, दुखतंय का, पाय गार वाटतो का" असं बोलत राहायचं. तीव्र उतारावर स्ट्रेचरचा दोर सागाच्या जिवंत, जाड खोडाला वळसा देऊन हळूहळू सोडतो. घाई इथेच घात करते.

ॲम्ब्युलन्सपाशी चिठ्ठी द्या: किती वाजता पडला, शुद्ध हरपली होती का, शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यालं, कोणती औषधं चालू, कशाची ॲलर्जी. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर हेच विचारतात, आणि तोवर सोबतचे दोस्त मागेच राहिलेले असतात.