बायोटोप की मिक्स प्लांटेड टँक? ठरवताना या चुका टाळा

माशांचा नवीन टँक लावायचा ठरला की गाडी इथेच येऊन अडकते, बायोटोप करू की मिक्स प्लांटेड? बायोटोप म्हणजे निसर्गातली एकच ठराविक जागा घ्यायची, नदीचा एखादा पट्टा, तळ्याचा काठ, ओढा, आणि मासे, झाडं, लाकूड, दगड, पाणी सगळं तिथलंच किंवा तिथल्यासारखं ठेवायचं. मिक्स प्लांटेडमध्ये आफ्रिकेचं अनुबियास, बोर्निओची बुसेफलँड्रा, दक्षिण अमेरिकेचे टेट्रा आणि आशियातले गौरामी एकत्र सुखाने राहू शकतात, फक्त सगळ्यांच्या गरजा जुळल्या पाहिजेत. दोन्ही प्रकार मला मनापासून आवडतात आणि दोन्हीत मासे छान जगतात. मासे जातात ते जास्त करून निम्मं हे निम्मं ते अशा टँकमध्ये, जिथे आपण नक्की काही ठरवलेलंच नसतं.

फोटो बघून ठरवणं, पाणी न तपासता

ही सगळ्यात मोठी चूक, बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. आवडत्या टँकचा फोटो सेव्ह करायच्या आधी आपल्या नळाला किंवा बोअरला काय पाणी येतं ते बघा. आणि फक्त पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते) नाही, जीएच (पाण्याचा जडपणा) आणि केएच (पीएच सहज हलू न देणारे कार्बोनेट क्षार) पण. केएचचं किट सोपं असतं, नळीत पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत हलवत जायचं, निळं पाणी पिवळं झालं की थांबायचं, बहुतेक किटमध्ये जितके थेंब तितकी डिग्री. बोअरचं पाणी असेल तर ते आधी २४ तास उघड्या भांड्यात ठेवा आणि मग पीएच मोजा, कारण ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि आकडा खोटा कमी दिसतो.

आता समजा केएच १० आला आणि तुम्हाला दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीचा ब्लॅकवॉटर, म्हणजे पानं-लाकडाने चहासारखं झालेल्या पाण्याचा बायोटोप करायचाय. त्या नदीत पीएच ४ ते ५ च्या आसपास असतो आणि पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. मग लोक काय करतात, पीएच डाऊनची बाटली आणतात, संध्याकाळी टाकतात, पीएच खाली येतो, सकाळी परत होता तिथे, मग परत टाकतात. केएच असेपर्यंत हे असंच चालणार, आणि या वरखाली होण्याने माशांना जो त्रास होतो तो जड पाण्याच्या त्रासापेक्षा जास्त असतो. जड पाण्यात ब्लॅकवॉटर करायचा तर आरओचं पाणी घ्यायचं, दर वॉटर चेंजला घ्यायचं, कायम घ्यायचं, त्याची तयारी नसेल तर तो बायोटोप सोडून द्या. खरं सांगू का, जड पाणी असेल तर आफ्रिकेतल्या टांगानिका तलावाचा बायोटोप करून बघा! त्या तलावाचा पीएच ९ च्या आसपास असतो, म्हणजे तुमचं पाणी आयतंच अर्ध्या वाटेवर आहे. खाली वाळू, वर गोगलगायींचे रिकामे शंख, आणि त्यात निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, ५ सेंटिमीटरच्या आतला मासा. तोंडात वाळू भरून शंखाभोवती खड्डा खणतो, वाळू लांब नेऊन टाकतो, परत येतो, दिवसभर हेच चालतं. झाडं नसली तरी त्या टँकसमोरून उठवत नाही.

अख्खा खंड म्हणजे बायोटोप समजणं

‘माझा साउथ अमेरिकन बायोटोप आहे’ असं ऐकलं की पुढचा प्रश्न, कुठला? ब्राझीलमधल्या मनाऊसजवळ काळ्या पाण्याची रिओ निग्रो आणि गढूळ सोलिमोइस एकमेकींना भेटतात आणि कित्येक किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात, इतका त्यांच्या तापमानात, वेगात आणि पाण्यात फरक आहे. दोन नद्या शेजारी असून ही गत, तर खंडाचं काय घेऊन बसलात. कार्डिनल टेट्रा रिओ निग्रो आणि ओरिनोकोकडचा, नियॉन टेट्रा पश्चिम अ‍ॅमेझॉनचा, दिसायला भाऊ वाटतात पण कार्डिनलला २६ ते २८ डिग्री आवडतं आणि नियॉन २२ ते २५ मध्ये खूश असतो. आफ्रिकेतही तेच, मलावी आणि टांगानिका हे दोन वेगळे तलाव, मलावीचे मबुना (खडकांत राहणारे भांडखोर मासे) टांगानिकाच्या शंखातल्या छोट्या माशांबरोबर ठेवले तर छोट्यांचे हाल होतात.

भारतीय बायोटोप करणाऱ्यांची पण एक नेहमीची चूक असते. सह्याद्रीचा ओढा करायचा म्हणून डेनिसन बार्ब घेतात, लहान असताना मस्त दिसतो, आणि २ फुटी टँकमध्ये टाकतात. तो १५ सेंटिमीटरपर्यंत जातो, वाहत्या पाण्यातला कळपाने पोहणारा मासा आहे, ४ फुटांच्या खाली विचारच करू नका. निसर्गात तो धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडतो, त्यामुळे घ्यायचाच तर टँकमध्ये पैदास झालेला मागा.

काळं पाणी पण हवं आणि हिरवा गालिचा पण

पानं आणि लाकूड टाकून चहासारखं झालेलं पाणी प्रकाश अडवतं. गालिच्याची झाडं आणि लाल रोटाला यांना तोच प्रकाश हवा असतो. मग लोक लाइट वाढवतात, झाडं तरीही अशक्तच राहतात आणि शेवाळ मात्र जोरात येतं. दोन्ही एकत्र नीट होत नाही, एक निवडा. ब्लॅकवॉटरमध्ये हिरवळ हवीच असेल तर वर तरंगणारी झाडं ठेवा, त्यांना प्रकाश वरून थेट मिळतो.

मऊ पाण्याच्या टँकमध्ये अचानक मोठा वॉटर चेंज

हे जरा सविस्तर लिहितो कारण यात एका रात्रीत अख्खा टँक जातो आणि कारण लक्षात येत नाही. केएच शून्याला टेकला, पीएच ६ च्या खाली गेला की माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मंदावतात. अमोनिया साठत जातो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतेक अमोनियम या रूपात असतो आणि ते माशांना फारसं बाधत नाही, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस कुणीतरी मनावर घेऊन अर्धं पाणी काढतं आणि साडेसात-पावणेआठ पीएचचं नळाचं पाणी भरतं. पीएच उडी मारतो, अमोनियमचा अमोनिया होतो आणि थोड्या वेळात मासे वर येऊन धापा टाकायला लागतात, कल्ले लाल दिसतात. लोक म्हणतात नळाच्या पाण्यात काहीतरी होतं. क्लोरीन काढला नसेल तर तेही होऊ शकतं, पण तो काढून घेतला असेल तर दहापैकी नऊ वेळा हेच असतं.

म्हणून अशा टँकमध्ये वॉटर चेंजच्या आधी अमोनियाची टेस्ट करा, किटमध्ये अमोनिया आणि अमोनियम दोन्ही मिळून आकडा येतो हे लक्षात ठेवा. पाणी १०-१५ टक्केच बदला, पण नियमित, आणि नवीन पाणी टँकच्या पाण्याशी जुळतं करून. मासे कमी ठेवा, खाणं हात राखून द्या. बदामाची पानं एकदम मूठभर टाकू नका, दोन-तीन टाका, आठवडाभर बघा, मग पुढची.

मिक्समध्ये फक्त पीएच जुळवणं

मिक्स टँकवाले चार्ट बघतात, सगळ्यांचा पीएच साडेसहा ते साडेसात, झालं, घेऊन टाका. पीएच ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे हो, टँकमध्ये पैदास झालेले बहुतेक कम्युनिटी मासे पाणी स्थिर असेल तर थोडंफार इकडेतिकडे चालवून घेतात. अडतं ते तापमानावर, प्रवाहावर आणि स्वभावावर. ब्लू रॅमला २८ च्या आसपास ऊब हवी, पेपर्ड कोरीडोरास २२ ला बरा असतो, मधलं २५ ठेवलं तर दोघांनाही धड नाही, रॅम आजारी पडत राहतो आणि आपण औषधं शोधत बसतो. उबदार टँकसाठी कोरीडोरास स्टर्बाई घ्या, तो ती ऊब आरामात झेलतो. फायटरला संथ पाणी लागतं, त्याच्या शेजारी पॉवरहेड (जोरात प्रवाह करणारा पंप) लावून ओढ्यातले मासे ठेवू नका. टायगर बार्ब एंजलचे लांब पंख कुरतडतात आणि एंजल मोठा झाला की नियॉन गिळतो, तो त्याचा स्वभावच आहे, त्याला दुष्ट म्हणून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक जातीचे दोन-दोन. दुकानात सगळेच आवडतात, मान्य आहे. पण दोन टेट्रा, दोन बार्ब, दोन रासबोरा असं केलं की सगळेच घाबरून कोपऱ्यात, रंग उडालेले. त्याच जागेत एकाच जातीचे १२ ठेवा आणि फरक बघा, पुढे येतात, रंग चढतो. मिक्स म्हणजे सगळं थोडं थोडं असा अर्थ होत नाही.

झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅस) लावला असेल आणि सकाळी मासे पृष्ठभागावर दिसत असतील तर गॅस रात्रभर चालू राहिलाय का ते बघा. लाइट बंद व्हायच्या तासभर आधी बंद करा, पृष्ठभाग थोडा हलता ठेवा. अनुबियासचा जाड कंद वाळूत पुरू नका, कुजतो, लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरीनची पानं नवीन टँकमध्ये वितळली तर उपटून फेकू नका, मुळं जिवंत असतील तर काही आठवड्यांत नवीन पानं येतात. अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठी तळाला टाकायची खतयुक्त माती) सुरुवातीला अमोनिया सोडते, अमोनिया आणि त्यातून बनणारं नायट्राइट शून्य येईपर्यंत मासे नको, मग महिना-दीड महिना का लागेना.

मधला रस्ता आहे, पण तो पण ठरवूनच

सगळ्यांनी स्पर्धेला लावायचा कडक बायोटोप करावा असं मुळीच म्हणणं नाही. मासे एका नदीचे, आणि झाडं कुठलीही पण त्याच पाण्यात टिकणारी, असा टँक मला नवीन माणसासाठी सगळ्यात बरा वाटतो. माशांचे स्वभाव आणि तापमान आपोआप बरंचसं जुळतं आणि जावा फर्नसारखं सोपं झाड वापरायला मोकळीक राहते. फक्त एक करा, खरेदीच्या आधी जातींची यादी लिहा आणि यादीत नाही ते त्या दिवशी घरी आणायचं नाही. कितीही सुंदर दिसलं तरी.

आणि आधीच खिचडी झाली असेल तर सगळा टँक रिकामा करत बसू नका. फिल्टर आणि वाळू तशीच ठेवा, बॅक्टेरिया तिथे आहेत. कोण कुणाला त्रास देतंय, कोण हीटरला चिकटून बसलंय, कोण सतत लपलंय हे काही दिवस लाइट लागल्यावर आणि खायला घालताना नीट बघा, आणि जे जुळत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा टँकवाला किंवा परत घेणारं दुकान शोधा. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायचे नाहीत. सेलफिन प्लेको असाच लोकांनी सोडून सोडून कित्येक देशांच्या नद्यांत पसरलाय आणि आता तिथून निघत नाही. नवीन घर मिळेपर्यंत त्रास देणाऱ्या माशाला जाळीच्या पार्टिशनमागे ठेवता येतं, आणि तेवढ्या काळासाठी तापमान सगळ्यात नाजूक माशाच्या हिशोबाने ठेवा.