फिल्म फेस्टिवलला पहिल्यांदा जाताय? आधी एक वही आणि पेन्सिल घ्या

इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल म्हटलं की सगळ्यांना रेड कार्पेट आठवतं, पण आपल्यासारख्या तिकीट काढून जाणाऱ्याला त्या कार्पेटचा कोपरासुद्धा दिसत नाही, आपला फेस्टिवल म्हणजे टाइमटेबल, रांग आणि एका थिएटरातून दुसऱ्या थिएटरात पळापळ. हे नीट जमवलं तर धमाल येते, नाहीतर नुसती दमछाक. माझी पहिल्या वर्षी दमछाकच झाली, म्हणून हे लिहितोय.

आधी बघायचं की तो फेस्टिवल आपल्यासाठी आहे का, कारण सगळे नसतात. फ्रान्समधला कान फेस्टिवल मुळात सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांचा आहे, निर्माते, वितरक, पत्रकार वगैरे, गळ्यात ओळखपत्र नसेल तर मेन कॉम्पिटिशनचं तिकीट नुसतं पैसे देऊन मिळत नाही. बाहेरच्या माणसाला समुद्रकिनाऱ्यावर रात्री फुकट दाखवतात ते सिनेमे, नाहीतर डायरेक्टर्स फोर्टनाइटसारखे बाजूला चालणारे कार्यक्रम. १८ ते २८ वयाच्या पोरांसाठी तीन दिवसांचा पास असतो पण त्याला अर्ज करावा लागतो, तोही निवडला गेला तर. बर्लिन आणि टोरंटोचं उलट आहे, तिथे साध्या प्रेक्षकाला रीतसर तिकिटं विकतात, आणि टोरंटोचा सगळ्यात गाजणारा पीपल्स चॉइस अवॉर्ड तर ज्युरी नाही, प्रेक्षकच मतं देऊन ठरवतात. पहिलाच अनुभव असेल तर असा फेस्टिवल निवडा, कानच्या नावाला भुलू नका.

आता मुख्य काम, सिनेमे निवडणं. इथेच सगळे चुकतात आणि मीही चुकलो. यादी हातात आली की आपण ओळखीची नावं शोधतो, मोठा दिग्दर्शक, मोठी हिरोईन, त्याच्यावर टिक करतो, त्याच तिकिटासाठी मारामारी करतो, आणि तोच सिनेमा दोन-तीन महिन्यांनी घरी सोफ्यावर बसून बघता येतो! माहितीच्या पानावर वितरक म्हणून एखादी मोठी कंपनी किंवा ओटीटीवाले दिसले की समजायचं हा येणार आहे, सोडून द्या. आपण ते बघायचे जे परत कुठे भेटणार नाहीत. कुणाचा तरी पहिला सिनेमा, एखाद्या लहानशा देशातून आलेला, किंवा जुन्या सिनेमाची नव्याने दुरुस्त केलेली प्रिंट. हा जुन्या सिनेमांचा सेक्शन, रेट्रोस्पेक्टिव किंवा क्लासिक्स म्हणतात त्याला, नवखी मंडळी ढुंकूनही बघत नाहीत, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात कारण निवड काळाने आधीच केलेली असते.

मुलांच्या सेक्शनला पण नाक मुरडू नका. बर्लिनला जनरेशन नावाचा सेक्शन आहे, त्यात खरोखरची शाळकरी मुलं ज्युरीत बसतात, आणि २०१४ ला आपल्या मराठी 'किल्ला' सिनेमाला क्रिस्टल बेअर हे बक्षीस या मुलांच्याच ज्युरीने दिलं होतं. तिथे काही शोमध्ये एक माणूस माईकवर बसून सबटायटल्स लाइव्ह वाचून दाखवतो, कारण समोर बसलेल्या छोट्यांना भराभर वाचता येत नाही. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटतं मग कान सरावतो.

कॅटलॉगची, म्हणजे फेस्टिवलच्या माहितीपुस्तकाची भाषा मात्र शिकून घ्या. 'काव्यात्म' लिहिलंय म्हणजे संवाद कमी. 'चिंतनशील' म्हणजे कॅमेरा हलणार नाही. 'धाडसी' लिहिलं असेल तर आईबाबांना सोबत नेऊ नका. आणि मिनिटं बघा हो, मिनिटं! २०१६ ला बर्लिनच्या कॉम्पिटिशनमध्ये लाव डियाझ या फिलिपिनो दिग्दर्शकाचा ४८५ मिनिटांचा सिनेमा होता, म्हणजे आठ तास, मध्ये मोठी सुट्टी देऊन दाखवला. असं काही चुकून बुक केलंत तर त्या दिवसाचं बाकी सगळं गेलं. वर्ल्ड प्रीमियर म्हणजे जगात कुठेच आधी दाखवलेला नाही, इंटरनॅशनल प्रीमियर म्हणजे स्वतःच्या देशात दाखवून झालाय आणि बाहेर पहिल्यांदा येतोय. आपल्याला त्याने काय फरक पडतो तर काहीच नाही, फक्त वर्ल्ड प्रीमियरबद्दल कुठे रिव्ह्यू सापडत नाही, तो जुगार असतो.

मग वही काढा. वरती आडव्या ओळीत थिएटरांची नावं, डावीकडे खाली तास, आणि प्रत्येक सिनेमाची पेन्सिलीने चौकट काढायची. चौकट फक्त सिनेमाच्या लांबीची नाही, त्यात सुरुवातीची भाषणं, शेवटचा प्रश्नोत्तरांचा भाग, आणि दुसऱ्या थिएटरपर्यंत पोचायचा वेळ पण धरायचा. मी सरसकट पाऊण तास धरतो. पहिल्या वर्षी दोन सिनेमांत पंधरा मिनिटं ठेवली होती, दिग्दर्शिका इतकं छान बोलत होती की उठवेना, शेवटी अर्धवट ऐकून पळालो आणि पुढच्या थिएटरचं दार बंद. दोन्ही गेलं. बरेच फेस्टिवल सिनेमा सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत, तिकीट दाखवून उपयोग नसतो. पेन्सिल यासाठी की हे सगळं किमान चार वेळा खोडायला लागतं. ॲपमध्ये पण करता येतं, पण ऐन वेळी बॅटरी संपते.

सिनेमाचे सहसा दोन-तीन शो असतात. पहिल्याला टीम हजर असते म्हणून तो झटकन भरतो, नंतरचा आडवारी सकाळी कुठेतरी असतो आणि तिथे निवांत जागा मिळते. पडद्यावरचा सिनेमा तोच. दिवसाला तीनच बघा, चौथ्याला डोळे मिटतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाची गोष्ट कुठल्या सिनेमातली होती तेच आठवत नाही.

तिकिटांचं म्हणाल तर विक्री उघडायची नेमकी वेळ माहीत हवी. बर्लिनला बहुतेक तिकिटं शोच्या तीन दिवस आधी सकाळी १० ला उघडतात, म्हणजे हा खेळ एकदा नाही, रोज खेळायचा. खातं आधी उघडून ठेवा, कार्ड जवळ ठेवा, आणि प्रत्येक चौकटीसाठी दुसरा पर्याय शेजारी लिहून ठेवा, कारण पहिलं गेल्यावर विचार करत बसलात की दुसरंही जातं. सोल्ड आउट दिसलं तरी खचू नका. पासवाल्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सगळ्याच खुर्च्या भरत नाहीत, मग शो सुरू व्हायच्या थोडं आधी त्या मोकळ्या करतात, त्यासाठी वेगळी रांग लागते, टोरंटोला तिला रश लाइन म्हणतात. तासभर आधी उभे राहा, आणि एकटे जा. चौघांच्या ग्रुपला सलग जागा मिळत नाही, एकट्याला कोपऱ्यातली एक मिळून जाते. रांगेत पुढचा-मागचा कोण काय बघून आला ते विचारा, कॅटलॉगपेक्षा खरी माहिती तिथे मिळते.

कधी शो उशिरा सुरू होतो आणि लोक थिएटरवाल्यांवर ओरडतात. होतं काय, सिनेमा आता रीळावर नाही, डिजिटल फाइलवर येतो, ती फाइल कुलूपबंद असते आणि तिची किल्ली ठरावीक थिएटरच्या ठरावीक प्रोजेक्टरलाच आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. किल्ली चुकीची आली किंवा वेळ चुकली की फाइल समोर असूनही काही करता येत नाही. मी एकदा चाळीस मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलोय. अशा वेळी वही काढायची आणि पुढची चौकट पुसायची.

जागा पकडताना एक बघा, काही ठिकाणी इंग्रजी सबटायटल पडद्यावर असतात आणि तिथल्या भाषेतले पडद्याखाली वेगळ्या पट्टीवर. आपल्याला खालची पट्टी वाचायची असेल तर पुढच्याचं डोकं नेमकं आड येतं, म्हणून उतार चांगला असेल तिथे मागे बसा, सपाट असेल तर कडेची खुर्ची. कडेची खुर्ची तशीही बरी, सिनेमा नाही आवडला तर कुणाचे पाय न तुडवता उठता येतं. उठायला लाजू नका. फक्त दिग्दर्शक हॉलमध्ये बसलेला असेल तर मी बापडा शेवटपर्यंत बसतो, नाही जमत.

प्रश्नोत्तरात माईक आला तर प्रश्नच विचारा, स्वतःचं परीक्षण ऐकवू नका, प्रत्येक शोला असा एकजण असतोच. काही फेस्टिवलला मतदानाचा कागद मिळतो, एक ते पाच आकडे छापलेले, जो वाटेल तिथे फाडून डब्यात टाकायचा. मी पहिल्या वर्षी सगळ्यांना पाच दिले, आता तीनच्या वर हात जात नाही.

आणि शेवटचा दिवस वहीत मोकळा सोडा. बक्षिसं जाहीर झालेली असतात, बऱ्याच ठिकाणी जिंकलेले सिनेमे पुन्हा लावतात, आणि तोवर निम्मे लोक सामान बांधून निघून गेलेले असतात.